‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ : कर्नलने खरं कारण तोंडावर सांगायला काय हरकत आहे?

ऐरोलीकर_रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ६:१०

मंडळी, रात्रपाळी करून आत्ता घरी पोचलोय. झोप येत नाहीये, म्हणून धागा काढतोय. डोकं तापलेलं आहे, तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

मी महापेला एका डेटा सेंटरमध्ये आहे (कुठल्या ते विचारू नका). काल रात्री एका सर्व्हरचा मदरबोर्ड बदलला. मशीन उठलं, लिनक्स वर आलं, नेटवर्क आलं. पण एकही व्हर्च्युअल मशीन चालू होईना. ती चालवणाऱ्या क्यूईएमयू प्रोग्रामला लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, केव्हीएम हा भाग लागतो. क्यूईएमयूचं म्हणणं: ‘कुड नॉट ॲक्सेस केव्हीएम कर्नल मॉड्यूल: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

आता रात्री दीड वाजता माणूस याचा काय अर्थ लावेल? फाइल नाही. मग मी फाइल आणायच्या मागे लागलो. पॅकेज काढून परत टाकलं, कर्नल परत टाकला, दोनदा रीबूट. या सर्व्हरचं एक रीबूट म्हणजे खाली जाऊन चहा पिऊन यावं इतका वेळ. शेवटी जोडीदाराने हाताने मॉडप्रोब (कर्नलचा असा भाग, म्हणजे मॉड्यूल, बसवायची कमांड) मारलं, तर उत्तर ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’. आता मला वाटलं, बोर्डाबरोबर प्रोसेसरही कुठला तरी जुना बसवून गेले की काय! डीमेसेज (कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड) बघावं तर त्यात स्टोरेज ड्रायव्हरच्या ओळींचा पूर. जर्नल (सिस्टिमचा साठवलेला लॉग) उघडून पार बूटच्या वेळेपर्यंत मागे गेलो तेव्हा एक ओळ सापडली, सपोर्ट ‘डिसेबल्ड बाय बायॉस’, म्हणजे बोर्डावरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरने बंद केलेला. नवा बोर्ड कारखान्यातून आला तसा लावलेला, व्हीटी-एक्स (व्हर्च्युअल मशीनसाठीची प्रोसेसरमधली सोय) बंद. सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागली. तिथवर पोचायला पावणेतीन तास.

प्रश्न साधा आहे. कर्नलला कारण माहीत होतं. मग ते मला धडपणे का नाही सांगितलं? मेसेज सुधारायचा पॅच (कोडमधला बदल) पाठवावा असं डोक्यात आहे. कोणी पाठवलाय का कधी?

बोंबील_फ्राय | ६:३२

आधी झोपा. पॅच कुठे पळून जात नाही.

कोलशेतची_मृदुला | ८:०५

+१. आमच्या सोसायटीची लिफ्ट तीन दिवस बंद आहे. आत डिस्प्लेवर ‘ई-०४’ एवढंच दिसतं. वॉचमन म्हणतो, ‘मॅडम, इ चार आलाय.’ जसा काही पाहुणा आलाय. चौदा मजले आहेत हो!

बिटबहाद्दर | ९:२०

रात्रपाळीवाले, तुमचं दुःख समजलं, पण राग थोडा चुकीच्या पत्त्यावर चाललाय. आत काय घडतं ते सांगतो.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हीटी-एक्स आहे की नाही हे सीपीयूआयडी सूचना सांगते. ती वापरायची परवानगी आहे की नाही, हे वेगळ्या ठिकाणी असतं : ०एक्स३ए क्रमांकाच्या एमएसआर रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधली सेटिंग ठेवायची जागा). त्याचा शून्यावा बिट (मोजणी शून्यापासून) म्हणजे कुलूप, दुसरा बिट म्हणजे नेहमीच्या वापरासाठी व्हीएमएक्स (व्हीटी-एक्सचंच दुसरं नाव) चालू. बायॉसने दुसरा बिट शून्य ठेवून कुलूप लावलं, की मशीन रिसेट होईपर्यंत कर्नलही ते उघडू शकत नाही. एएमडीकडे असाच प्रकार व्हीएम_सीआर रजिस्टरच्या चौथ्या बिटात, नाव एसव्हीएमडिस.

म्हणजे कर्नलपुढे दोन वेगळी उत्तरं असतात: ‘या प्रोसेसरमध्ये सोयच नाही’ आणि ‘सोय आहे, पण कुलूप आहे’. जुन्या केव्हीएमचा कोड लॉगमध्ये या दोन्हींसाठी वेगळ्या ओळी छापायचा, पण वरच्याला परत करायचा तो आकडा एकच, ९५, म्हणजे तुमचं ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’. त्यामुळे मॉड्यूल बसलं नाही. मॉड्यूल बसलं नाही म्हणून /डेव्ह/केव्हीएम ही फाइल तयार झाली नाही. आणि क्यूईएमयूने ती उघडायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला मिळाला तिसराच आकडा, २, म्हणजे ‘फाइल नाही’. क्यूईएमयू खोटं बोललं नाही. फाइल खरंच नव्हती.

नव्या कर्नलमध्ये ओळ बरीच बरी आहे. व्हीएमएक्स चालू नाही, कुठल्या एमएसआरमध्ये चालू नाही आणि कितव्या सीपीयूवर, हे सगळं त्यात येतं. तुमचा कर्नल जुना दिसतोय.

ऐरोलीकर_रात्रपाळी | ९:२६

जुना आहे. ग्राहक बदलू देत नाही. झोप अजून नाही.

मीनल_कासारवडवली | १०:४५

बिटबहाद्दर यांची माहिती बरोबर, पण ‘बरीच बरी’ याला माझी हरकत आहे. नव्या ओळीतही बायॉसचं नाव कंसात आहेच. बायॉसने केलं हे कर्नलला कुठून कळलं? त्याला एवढंच दिसतं की रजिस्टरमध्ये बिट शून्य आहे.

माझ्याकडे गेल्या वर्षी एक नवा मुलगा आला. हुशार, मन लावून काम करणारा. त्याला क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनच्या आत आणखी एक व्हर्च्युअल मशीन चालवायचं होतं. मेसेज आला, बायॉसने बंद केलंय. बिचारा दिवसभर त्या व्हर्च्युअल मशीनचं बायॉस शोधत होता. बूट होताना एस्केप दाब, एफ-२ दाब, डिलीट दाब. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणतो, ‘ताई, कीबोर्ड बदलून बघू का?’ तिथे बंद करणारा होता बाहेरचा हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर). त्याच्या मालकाने नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनची परवानगीच दिलेली नव्हती.

कर्नलने दिसलं ते सांगावं. अंदाज बांधू नये. मेसेज मुका असेल तर माणूस निदान चारी बाजूंना शोधतो. चुकीचं बोट दाखवलं की एकाच दिशेने पळत सुटतो.

निवृत्त_वागळे_इस्टेट | ११:३०

माझं कॉम्प्युटर ज्ञान बेताचं, पण फॉल्ट कोडवर मी तीस वर्षं काढली आहेत. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात मशीनच्या पॅनेलवर दोन आकडी नंबर यायचा आणि खिळ्याला दोरीने एक पुस्तक टांगलेलं असायचं. सतरा आला की पान सतरा: हवेचा दाब कमी, व्हॉल्व्ह बघा. त्या पुस्तकात आमच्या फोरमनने पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, ‘व्हॉल्व्ह ठीक असतो. पाइपला उंदीर.’ दहापैकी आठ वेळा उंदीरच निघायचा.

तुमच्या इंटेलने असं पुस्तक काढलेलं नाही का?

बिटबहाद्दर | ११:५८

काका, पुस्तक आहे, हजारो पानांचं. दोरीने टांगलं तर खिळा खाली येईल.

त्यातलं एक उदाहरण देतो. ‘केव्हीएम: एंट्री फेल्ड, हार्डवेअर एरर ०एक्स८०००००२१’ हा मेसेज बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ‘हार्डवेअर एरर’ वाचून लोक रॅम बदलतात. खरं तर आकडा फोडून वाचायचा असतो. सगळ्यात वरचा बिट १ म्हणजे गेस्टमध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) शिरतानाच प्रोसेसरने नकार दिला. खालचे २१ हे षोडशमान, सोळाच्या पायावरचे, म्हणजे आपले ३३. पुस्तकात ३३ समोर लिहिलंय: गेस्टची स्थिती अवैध. रजिस्टरांमध्ये भरलेल्या किमती प्रोसेसरच्या नियमांत बसत नाहीत, एवढाच अर्थ. हार्डवेअर ठणठणीत असतं, त्याने फक्त फॉर्म परत केलेला असतो.

आता उंदीर ऐका. या आकड्याखाली क्यूईएमयू एक लांबलचक टीप छापतं: तुमचा इंटेल प्रोसेसर जुना असेल, त्यात अनरिस्ट्रिक्टेड मोड (गेस्टला जुन्या रिअल मोडमध्येही थेट चालू देणारी सोय) नसेल, तर गेस्ट बिग रिअल मोडमध्ये असल्यामुळे हे झालं असावं. ती लिहिली तेव्हा सल्ला योग्य होता. ती सोय २०१० च्या वेस्टमिअर पिढीपासून प्रोसेसरात आहे. पण टीप आजही तशीच छापली जाते, मशीन कालचं असलं तरी. आणि लोक कालच्या मशीनवर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा उंदीर शोधत बसतात.

निवृत्त_वागळे_इस्टेट | १२:१०

म्हणजे पेन्सिलने लिहिलेलं खोडायलाही कोणीतरी हवं. आमच्याकडे पाइप बदलल्यावर उंदीर बंद झाले, पण नवी पोरं पुढे वर्षभर पाइपच बघायची.

मीनल_कासारवडवली | १२:१४

काका, हे मला आमच्या टीमच्या भिंतीवर लावायचंय.

ठाणे_वाशी_स्लो | दुपारी १:४०

सगळे ‘जास्त सांगा, जास्त सांगा’ म्हणताय, मी दुसऱ्या टोकाचा भुक्तभोगी. आमच्याकडे एका होस्टवर (गेस्ट चालवणाऱ्या खऱ्या मशीनवर) विंडोज गेस्ट होते. केव्हीएमला माहीत नसलेला एमएसआर गेस्टने वाचला की होस्टच्या लॉगमध्ये एक ओळ: ‘इग्नोर्ड आरडीएमएसआर’. त्या गेस्टमधलं कुठलं तरी मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर तो एमएसआर सतत वाचत बसलेलं. सोमवारी सकाळी घणसोलीला गाडीतून उतरेपर्यंत फोन, लॉगचं पार्टिशन भरलं. शेवटी रिपोर्ट_इग्नोर्ड_एमएसआरएस हे सेटिंग बंद केलं तेव्हा शांतता.

गेस्टच्या आतला कोणीही होस्टचा लॉग भरू शकत असेल तर तो नुसता त्रास नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. म्हणून तर असे मेसेज रेटलिमिटेड असतात. ठरलेलं माप म्हणजे ५ सेकंदांत १०, पुढचे गिळायचे आणि किती गिळले ते नंतर सांगायचं. आमच्या बाबतीत तेवढेही शनिवार-रविवार मिळून पुरेसे झाले.

बोंबील_फ्राय | १:५२

थोडक्यात मामलेदारची मिसळ. लाइट, मिडीयम, तिखट. ज्याला झेपेल त्याने तिखट मागावी, सगळ्यांच्या ताटात ओतू नये.

ठाणे_वाशी_स्लो | १:५५

कर्नलच्या मेसेजना आठ पातळ्या आहेत, ० ते ७. मामलेदारने विचार करावा.

कळव्याचा_पाय | २:३०

रास्पबेरी पायवर (एआरएम प्रोसेसरचा छोटा संगणक) मला एकदा ‘एचवायपी मोड नॉट अव्हेलेबल’ आलं होतं. एआरएमच्या ६४ बिटी कागदपत्रांत एचवायपी (हायपरव्हायझरचा मोड) शोधत बसलो, तिथे त्याला ईएल-२ म्हणतात. एचवायपी हे ३२ बिटी काळातलं नाव. सासरी गेल्यावरही माहेरच्या नावाने हाक. बाकी चालू द्या.

शुद्धमराठी | ३:१५

एक मूलभूत मुद्दा कोणीच मांडत नाहीये. हे सगळे संदेश इंग्रजीतच का? मराठीत असते तर आमच्या ऐरोलीकरांना रात्री दीड वाजता निदान अर्थ तरी लागला असता. मी सुरुवात करतो. ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ (कोडमध्ये ईइनव्हॅल, आकडा २२) = ‘अवैध युक्तिवाद’.

बोंबील_फ्राय | ३:१७

हा मेसेज मला घरी रोज येतो. रेटलिमिटही नाही.

कोलशेतची_मृदुला | ३:२१

कारण पण सांगत नाही ना? ईइनव्हॅलच तो.

बिटबहाद्दर | ३:५०

शुद्धमराठी, भावनेचा आदर आहे. पण या ओळी वाचण्याइतक्याच शोधण्यासाठीही असतात. तीच ओळ कोडमध्ये ग्रेप करायची (ग्रेप म्हणजे मजकूर शोधायची कमांड), तीच सर्च इंजिनला द्यायची. कर्नलच्या कोडिंग स्टाइलच्या कागदात तर स्पष्ट लिहिलंय की लांब ओळी मोडा, पण वापरणाऱ्याला दिसणारा मजकूर मधे मोडू नका, कारण मग तो ग्रेपला सापडत नाही. त्याच कागदात आणखी गमती आहेत: मेसेजचं स्पेलिंग नीट ठेवा, शेवटी पूर्णविराम लागत नाही, कंसात नुसते आकडे छापून काही साधत नाही. मुख्य मागणी काय, तर मेसेज आटोपशीर, स्पष्ट आणि एकच अर्थ निघेल असा हवा. ‘नो सच फाइल’ यातल्या तिसऱ्या अटीवर नापास.

मृदुलाताईंनी थट्टेत म्हटलं, पण ईइनव्हॅल हेच मोठं दुखणं आहे. गेस्टला मेमरी जोडून देणारा एक आयओसीटीएल (प्रोग्रामने कर्नलकडे करायची मागणी) आहे. पत्ता पेजच्या (मेमरीच्या ठरावीक तुकड्याच्या) सीमेवर नसेल तर ईइनव्हॅल. लांबी पेजच्या पटीत नसेल तर ईइनव्हॅल. स्लॉटचा (जोडलेल्या मेमरीच्या भागाचा) क्रमांक मर्यादेबाहेर, ईइनव्हॅल. न ओळखलेला फ्लॅग, ईइनव्हॅल. दोन स्लॉट एकमेकांवर चढले तर मात्र ईएक्झिस्ट, तेवढा एक वेगळा ओळखू येतो. बाकी सगळ्यांना २२. आणि लॉगमध्ये एक अक्षर नाही, कारण ठाणे_वाशी_स्लो म्हणाले तेच: साध्या प्रोग्रामच्या चुकीवर कर्नल लॉग लिहायला लागला तर कोणीही पूर आणेल.

मीनल_कासारवडवली | ४:२५

यावर नेटवर्किंगवाल्यांनी तोडगा काढलाय. नेटलिंकमध्ये (नेटवर्कच्या सेटिंगसाठी कर्नलशी बोलायचा रस्ता) २०१७ पासून एक्सटेंडेड ॲक आहे. आकड्याबरोबर एक वाक्य, विचारणाऱ्यालाच परत. लॉगमध्ये काही नाही, त्यामुळे पूर नाही, आणि दुसऱ्याच्या चुका तिसऱ्याला दिसत नाहीत. आयओसीटीएलला असा सर्वसाधारण परतीचा रस्ता नाही. आकडा घ्या आणि चालू लागा.

केव्हीएममध्येच एक सुरेख जागा आहे मात्र. नेस्टेडच्या कोडमध्ये सीसी नावाचा छोटा मॅक्रो (कोडचा तयार साचा) आहे. गेस्टने दिलेली माहिती नियमात बसते का याच्या ढीगभर तपासण्या असतात, प्रत्येक तपासणी या मॅक्रोत गुंडाळलेली. एखादी फसली की तपासणीची अट, कोडमध्ये जशी लिहिली आहे तशीच्या तशी, ट्रेसमध्ये (मागितली तरच होणाऱ्या नोंदीत) उमटते. वेगळा मेसेज कोणी लिहायला नको, त्यामुळे तो शिळाही होत नाही. काकांच्या भाषेत, पेन्सिल नाहीच, पुस्तकाचं पानच फाडून हातात. ट्रेसिंग बंद असेल तेव्हा गप्प. मी त्या मुलाला हे दाखवलं तेव्हा तो दोन मिनिटं नुसता बघत राहिला.

ठाणे_वाशी_स्लो | ४:४०

हे माहीत नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली). आणि बिटबहाद्दरांच्या ३३ नंबरवर आपला कर्नल दुसरी एक चांगली गोष्ट करतो, ती सांगायची राहिली. सगळी अंतर्गत स्थिती ओतण्याऐवजी एकच ओळ छापतो: ती हवी असेल तर केव्हीएम_इंटेलचं डम्प_इनव्हॅलिड_व्हीएमसीएस १ करा. म्हणजे वेटर विचारतो, तिखट आणू का. हे मला पटतं.

निवृत्त_वागळे_इस्टेट | ५:१०

लिफ्टचं काय झालं?

कोलशेतची_मृदुला | ५:१२

‘उद्या’.

ऐरोलीकर_रात्रपाळी | संध्याकाळी ७:३५

उठलो. बापरे, धागा कुठल्या कुठे गेलाय. सगळं वाचलं, दोनदा. कामावर निघायच्या आत लिहितो.

सकाळी माझ्या डोक्यात पॅच असा होता: ‘व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. कृपया बायॉसमध्ये जाऊन व्हीटी-एक्स चालू करा.’ मीनलताईंची गोष्ट वाचून तो गुंडाळला. कर्नलची नवी ओळही पाहिली. ती मला काल मिळाली असती तर पुरली असती. म्हणजे कर्नलमध्ये मी करण्यासारखं फारसं उरलेलं नाही, बिटबहाद्दर बरोबर होते.

माझा वेळ गेला तो वरच्या मजल्यावर. कर्नलने कारण लिहिलं, पण ते लॉगमध्ये राहिलं आणि माझ्यापर्यंत आला नुसता ‘फाइल नाही’. म्हणून आता क्यूईएमयूच्या बाजूला छोटासा बदल करायचा विचार आहे. /डेव्ह/केव्हीएम उघडताना २ आला, तर जुनी ओळ तशीच ठेवायची, ग्रेपवाल्यांसाठी. तिच्याखाली एक जोडायची. कच्चा मसुदा असा:

‘/डेव्ह/केव्हीएम नाही, केव्हीएम मॉड्यूल बसलेलं नसावं, बसताना काही अडचण आली असल्यास ती कर्नल लॉगमध्ये असेल’

इंग्रजी करीनच. कसं वाटतं?

मीनल_कासारवडवली | ७:५०

‘नसावं’ काढा. फाइल नाही हे दिसलं, तेवढं सांगा. आणि ‘कर्नल लॉग बघा’ पुरे. का बघा ते बघितल्यावर कळेल.

बिटबहाद्दर | ७:५८

मीनल यांच्याशी सहमत. एक खोच लक्षात ठेवा. डेबियन, उबुंटूवर डीमेसेज_रिस्ट्रिक्ट चालू असतं. साध्या वापरकर्त्याने डीमेसेज मारलं की त्याला लॉग नाही, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ दिसतं. म्हणजे तुमच्या सल्ल्याने गेलेला माणूस आणखी एका बंद दारावर जाऊन उभा. कारण रास्त आहे, लॉगमध्ये कर्नलचे पत्ते वगैरे हल्लेखोराच्या कामाचं बरंच असतं. पण ‘रूट म्हणून’ (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता म्हणून) हे दोन शब्द मेसेजमध्ये घाला.

परवानगी नसल्याचा आकडा १३, तो वेगळा ठेवा. तिथे वापरकर्ता केव्हीएम ग्रुपमध्ये नसतो एवढंच असतं. त्याला लॉग बघायला पाठवू नका, उगाच भटकेल.

शुद्धमराठी | ८:०६

‘मसुदा’ हा शब्द वापरल्याबद्दल अभिनंदन.

ऐरोलीकर_रात्रपाळी | ८:२०

नोंद घेतली. ‘नसावं’ काढलं, ‘रूट म्हणून’ घातलं, १३ ला हात लावत नाही. आणि आमच्या पाळीच्या वहीत, खरीखुरी कागदाची वही आहे, पहिल्या पानावर लिहून ठेवतोय: बोर्ड बदलला की आधी सीपीयूइन्फोमध्ये (प्रोसेसरची माहिती देणारी फाइल) व्हीएमएक्स शोधा, मग जर्नलमध्ये केव्हीएम, मग बाकीचं. पेन्सिलने लिहितोय, काका.

ऐरोलीची गाडी चुकेल, निघतो.

कोलशेतची_मृदुला | रात्री ९:४५

लिफ्ट चालू! ई-०४ म्हणजे दाराचा सेन्सर. त्यावर धूळ बसली होती, मेकॅनिकने फडक्याने पुसली. कोडची अख्खी यादी मशीनरूमच्या भिंतीवर चिकटवलेली आहे म्हणे. मशीनरूम गच्चीवर, कुलपात. किल्ली सेक्रेटरींकडे.

ठाणे_वाशी_स्लो | ९:४९

लिफ्टमेसेज_रिस्ट्रिक्ट = १.

निवृत्त_वागळे_इस्टेट | ९:५८

सेक्रेटरी कितव्या मजल्यावर राहतात?

कोलशेतची_मृदुला | १०:०१

पहिल्या. त्यांना तीन दिवस कळलंच नव्हतं लिफ्ट बंद आहे ते.